ठकीच्या बंदरात माझी होडी

४ नोव्हेंबर

ठके,

आशीर्वाद नेहमीचेच, ते धरून चाल. चित्र पोचलं. कुरिअरवाल्यानं नळकांडं दाराला टेकवून ठेवलं होतं. मला वाटलं, कुणी प्लंबर पाइप विसरून गेला. मग वर तुझं अक्षर दिसलं आणि मी आत घेऊन दार लावून टाकलं. का लावलं, मला एकटीला कोण बघणार होतं, कोण जाणे.

चिठ्ठीही वाचली. ‘बघ. काय वाटलं ते लिही. पंचविसाच्या आत परत पाठव, महिनाअखेरीला इथल्या वाचनालयात प्रदर्शन आहे, त्यात लावायचंय. माझं पहिलंच आहे. तू बघितल्याशिवाय लावावंसं वाटेना. फोन करू नकोस, फोनवर तू मला बोलू देत नाहीस.’ तीन वर्षांत तू मला लिहिलेला हा सगळ्यात लांबलचक मजकूर. पण फोनवर मी तुला बोलू देत नाही हे काही खरं नाही. तू सुरुवात करायलाच इतका वेळ लावतेस की समोरच्याला बोलावं लागतं.

तर चित्र. जेवणाचं टेबल पुसलं, कागदाच्या चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि खुर्ची ओढून बसले. गाव उतारावर वसलंय हे तू उतार न काढताच दाखवलंस. छपरं एकमेकांत मिसळून गेली आहेत, तांबडं कुठं संपलं आणि तपकिरी कुठं सुरू झालं ते सांगता यायचं नाही. कागद चांगला ओला असताना रंग सोडलास आणि मग त्याच्या वाटेला गेली नाहीस. हे मला शाळेत एकाही पोराला शिकवता आलं नाही, कारण परीक्षेत छपरं रेघेच्या आत लागतात. क्रेन तर तीन करड्या फटकाऱ्यांत उभ्या केल्यास. आभाळ कधी खाली उतरून पाणी झालं ते कळतच नाही. आणि पाण्यावरच्या त्या कोरड्या ब्रशच्या रेघा! त्या बघताना मी चक्क डोळे बारीक केले, बाहेर उन्हात करतो तसे.

थोडक्यात, छान आहे. तुझ्यात हे होतं याचा मला पत्ता नव्हता. असायला हवा होता, घरात चित्रकला शिकलेली ती मीच.

आता दोन बारीक गोष्टी. बारीक आहेत, लगेच नाक फुगवू नकोस. एक, डावीकडच्या घराची खिडकी जरा तिरकी झालीय. दुसरी, खाली धक्क्याच्या टोकाशी पाण्यात तळहाताएवढी जागा कोरीच राहिलीय. तिथं ब्रश पोचला नाही की विसरलीस? सगळं गाव भरलेलं आणि तिथं एकदम नुसता कागद. नजर सारखी तिथंच जाऊन अडखळते. एखादी होडी असती तर चित्राला खालून आधार मिळाला असता. मी आपलं सुचवलं.

मागल्या वेळी जे झालं ते झालं. क्रेनवाले गेल्यावर तू पहिल्यांदा रंग हातात घेतलेस, (तुझ्या नवऱ्याला मी शेवटपर्यंत ‘क्रेनवाले’च म्हणत राहिले, त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही) आणि ती पहिली चित्रं मला दाखवायला घेऊन आलीस. माझ्या हातात लाल पेन्सिल होती ती सवयीनं, रागानं नव्हे. तू सगळं गुंडाळून चहासुद्धा न घेता निघून जाशील असं वाटलं नव्हतं.

चित्र तीन-चार दिवसांत पाठवते. अजून थोडं बघू दे.

तुझी
ताई


११ नोव्हेंबर

ठके,

चित्र अजून निघालेलं नाही, काळजी करू नकोस. म्हटलं, नुसतं काय पाठवायचं, त्याला भोवती पुठ्ठ्याचा चांगला माऊंट करून द्यावा. फ्रेमवाल्याकडे दिलंय. त्याच्याकडे सध्या लग्नाच्या फोटोंची गर्दी आहे. तो आज देतो, उद्या देतो करतोय. तुला ठाऊकच आहेत हे लोक.

इकडे सगळं ठीक. वरच्या मजल्यावर नवं जोडपं आलंय, दिवसभर फर्निचर सरकवतं. गुडघा बरा आहे. शाळेतल्या जुन्या मुख्याध्यापिका भेटल्या होत्या, अजूनही माझ्याशी मी त्यांच्या हाताखाली असल्यासारख्याच बोलतात. मी पण ‘हो बाई’ म्हणून आले.

तू कागद कुठला वापरतेस गं? जाड दिसतो. असल्या कागदावर रंग वाळल्यावर ओला स्पंज फिरवला तर रंग उचलला जातो का, की आत मुरतो? सहज विचारतेय. आमच्या वेळी असा कागद मिळत नव्हता.

आणखी एक. तू या चित्राचा मोबाइलवर फोटो काढून ठेवलायस का? असला तर चांगलंच. नसला तरी काही बिघडत नाही. आणि प्रदर्शनात हेच लावायचं असं अगदी ठरलंय का? तुझ्याकडे दुसरीही असतील. पहिल्याच प्रदर्शनात आपलं सगळ्यात चांगलं चित्र लावू नये असं मला वाटतं. मागाहून दाखवायला काही उरत नाही.

जेवत जा वेळेवर.

ताई


१६ नोव्हेंबर

ठके,

तुझं कार्ड मिळालं. फोटो काढलेला नाहीस, दुसरं चित्र लावायचं नाहीय, माऊंट नकोय, चित्र लगेच हवंय. समजलं.

एक वाईट बातमी आहे. मन घट्ट करून वाच. फ्रेमवाल्याकडून चित्र परत आणलं आणि टेबलावर ठेवलं होतं. शेजारी पाण्याचा पेला होता. मांजरीनं उडी मारली आणि पेला कलंडला. पाणी नेमकं खालच्या भागात, धक्क्याजवळ गेलं. मी धावले, टिपकागद लावला, पण थोडा डाग राहिलाच. कागदाचा पापुद्राही जरासा सुटला. तसंच पाठवायला बरं वाटेना, म्हणून त्या डागावर मी अगदी थोडी सारवासारव केलीय. अगदी थोडी. दुरून कळणारही नाही.

बाकी चित्र जसंच्या तसं आहे. छपरांना काहीही झालेलं नाही.

मला फार वाईट वाटतंय. मांजरीला काय कळतं म्हणा.

ताई


२१ नोव्हेंबर

ठके,

तुझं दुसरं कार्ड आलं. त्यावर एकच ओळ, ‘मांजर कधी पाळलंस?’

नाही पाळलं. शेजाऱ्यांकडेही नाही. या अख्ख्या इमारतीत कुणाकडे मांजर नाही. फ्रेमवाल्याकडेही चित्र कधी गेलं नाही, तो बिचारा माझ्यामुळे उगाच बदनाम झाला. तुझं कार्ड हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी होते आणि वर्गात कॉपी करताना पकडलेल्या पोराचे होतात तसे माझे कान गरम झाले. एवढं वय झालं, आणि खोटं बोलायला सुचलं काय, तर मांजर.

हे पत्र चित्राबरोबरच नळकांड्यात घालतेय. आधी पत्र वाच, मग चित्र उलगड. जमलं तर बसून उलगड.

काय झालं ते सांगते. पहिलं पत्र टाकून आले तोवर सगळं ठीक होतं. चित्र मी कपाटाला टेकवून समोर ठेवलं होतं. त्याच्यासमोर जेवले, त्याच्यासमोर चहा घेतला. जितकं बघावं तितकं ते चांगलं दिसत होतं आणि जितकं चांगलं दिसत होतं तितकी मी आतून कुढत होते. हे तुला लिहिताना मला लाज वाटतेय, पण लिहिते. तुझं चित्र वाईट असतं तर मी ते गुंडाळून, वर ‘प्रयत्न चांगला’ असं लिहून दुसऱ्याच दिवशी परत पाठवलं असतं. ते चांगलं होतं म्हणून मी त्याला हात लावला.

ती कोरी जागा मला बघवेना. माझे हात शिवशिवायला लागले. मी शाळेची जुनी रंगपेटी काढली. मनात एवढंच होतं की धक्क्याच्या खांबाखाली एक सावली द्यायची, एवढीशी, करड्या रंगाची. दिली. ती सावली एकटीच पडली. मग तिला कारण हवं म्हणून एक होडी काढली. होडी काढायला मला किती वेळ लागतो? आयुष्यभर फळ्यावर काढलीय. ती उतरलीही झोकात. मग होडीत एक माणूस बसवला, त्याच्या हातात वल्हं दिलं, आणि मग पाण्यात त्याचं प्रतिबिंब. प्रतिबिंब वाकडं गेलं. तिथं माझं डोकं ताळ्यावर आलं. मग घाबरून स्पंज फिरवला, कागदाचं सालटं निघालं. सालटं झाकायला पांढरा पोस्टर कलर लावला, तो भिंतीला चुना लावल्यासारखा दिसायला लागला. तो झाकायला होडी आणखी मोठी केली. आता ती तुझ्या त्या डावीकडच्या घरापेक्षा मोठी आहे.

मी हे पहिल्यांदा केलेलं नाही. पोरांनी काढलेल्या चित्रांवर मी कायम हात मारत आले. एका पोराचं आभाळ हिरवट असायचं, मी त्यावरून निळा फिरवायचे. एकीनं आईला बाबांपेक्षा मोठी काढली, मी खोडून मापात आणली. वर्षाच्या शेवटी व्हरांड्यात चित्रं लावली की तपासणीला आलेले साहेब खूश व्हायचे. म्हणायचे, बाई, तुमच्या विद्यार्थ्यांचा हात अगदी एकसारखा आहे. मी मान हलवायचे. त्यांना काय सांगणार, हात एकच आहे म्हणून?

तुला वाटत असेल, मी निवृत्त झाल्यावर घरी चित्रं काढत असेन. तू एकदोनदा विचारलंसही, मी ‘चालू आहे’ म्हणाले. काही चालू नाही. पहिल्याच महिन्यात एक मोठा कागद आणून बोर्डाला लावला होता. रोज त्याच्यासमोर बसायचे आणि उठायचे. शेवटी काढला आणि कपाटाच्या कप्प्यात अंथरला, वर चादरी ठेवल्या. दुसऱ्याच्या चित्रात मला काय कमी आहे ते लगेच दिसतं. माझ्या कागदावर काय असायला हवं ते मात्र दिसत नाही. आणि तू, जिला लहानपणी सरळ रेघ मारता यायची नाही, जिची वही मीच पुरी करून द्यायचे, तू पन्नाशी ओलांडल्यावर उठतेस काय आणि अख्खं बंदर काढतेस काय.

तेव्हाही वही तू मागितली नव्हतीस. मीच ओढून घ्यायचे.

मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते. दुसरं चित्र लाव. किंवा खालचा भाग कापून टाक, माऊंटखाली झाकला जाईल. धक्का थोडा जाईल, पण गाव राहील. बघ, मी पुन्हा सुचवायला लागले. तुला जे वाटेल ते कर. काही उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन.

ताई


३ डिसेंबर

ठके,

उत्तर आलं नाही. आलं नाही तरी समजेन असं लिहून बसले होते, पण मला ते समजून घेता येईना. प्रदर्शनाचा दिवस कॅलेंडरवर दिसत होता. बोलावलं नव्हतंस, तरी आले. पुढचं तुला सगळं माहीत आहे, तू तिथंच होतीस. पण माझ्या बाजूनं काय झालं ते तुला कुणीच सांगणार नाही, म्हणून लिहितेय.

वाचनालयाचा जिना चढताना मी ठरवलं होतं, कुणाशी बोलायचं नाही, लांबून बघायचं आणि तू बघायच्या आत पाय काढता घ्यायचा. हॉलमध्ये बरीच माणसं होती. तू पलीकडे कुणाला तरी खुर्ची देत होतीस, नवी साडी नेसली होतीस. तुझं चित्र दोन खिडक्यांच्या मधे लागलं होतं. कापलं नव्हतंस. माऊंटखालीही काही झाकलं नव्हतंस. होडी सगळीच्या सगळी, माणसासकट, वल्ह्यासकट.

चित्रासमोर काठी घेऊन ते निवृत्त कप्तान उभे होते. मला काही ते कोण हे माहीत नव्हतं, शेजारच्या बाई त्यांना कप्तानसाहेब म्हणत होत्या. ते काठीनं दाखवून सांगत होते, ‘‘हे बाकी सगळं धुकंबिकं ठीक आहे हो. पण होडी बघा! होडी म्हणजे होडी. वल्हं कसं धरलंय बघा त्यानं. हिला हे जमतं तर सगळंच असं नीट का नाही काढलं?’’

ठके, हे आता वाचताना रागावू नकोस, किंवा रागाव. ते ऐकलं आणि मला आनंद झाला. क्षणभरच, पण झाला. माझी मान ताठ झाली. इतकी माणसं, तुझं पहिलं प्रदर्शन, आणि माझ्या मनात आलं, बघा, शेवटी रेखाटन कुणाचं पक्कं आहे. त्याच क्षणी तू वळलीस आणि आपली नजरानजर झाली. तू हसली नाहीस, चिडलीही नाहीस. तू नुसती माझ्या चेहऱ्याकडे बघत होतीस आणि मला कळलं की तुला तो आनंद दिसलाय. लहानपणापासून तू माझा चेहरा वाचत आलीस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि मग मी ते केलं. मला वाटलं, आता एकच उपाय आहे, सगळ्यांसमोर खरं सांगायचं. मी पुढं झाले आणि माझ्या वर्गावरच्या आवाजात म्हणाले, ‘‘ऐका सगळे. ही होडी हिची नाही. ही मी घुसडलीय. हिच्या चांगल्या चित्राची मी वाट लावलीय.’’ हॉल गप्प झाला. कप्तानांनी काठी खाली घेतली. मी तिथं थांबायला हवं होतं. पण समोर माणसं गप्प बसली की मला बोलायचीच सवय. ओल्या कागदावर रंग कसा सोडतात ते मी सांगितलं. छपरं का मिसळली आहेत ते सांगितलं. होडीवर हात धरून, ‘आता बघा, आता बघा चित्र कसं दिसतं’ असं म्हणत मी एकेकाला पुढं बोलावत होते. लोक येतही होते. एक बाई तर वहीत उतरवून घ्यायला लागल्या. मला वाटत होतं, मी तुझी भरपाई करतेय. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, खरंच होतं.

तू माझं कोपर धरलंस तेव्हा मला वाटलं, तू मला जवळ घेणार.

‘‘झालं तुझं?’’ तू म्हणालीस, आणि मला मागच्या त्या खोलीत नेलंस, जिथं कप धुवायचे होते.

‘‘ठके, लोकांना कळायला नको का?’’

‘‘काय कळायचंय? त्यांना होडी आवडली होती. आता ती तुझी झाली, आणि बाकीचं चित्रही तुझंच झालं. बाहेर बघ, सगळे तुझी वाट बघतायत. माझ्याकडं कुणी बघतंय का?’’

‘‘अगं, मी माफी मागत होते.’’

‘‘माफी मागायची तर माझ्याकडं मागायची ना? की तीसुद्धा माझ्याच चित्रावर काढायची? एवढा एक दिवस होता माझा, ताई. इथंही येऊन वर्ग घेतलास.’’

तू नळ सोडलास आणि कप विसळायला घेतलेस. मी मदतीला हात पुढं केला, तर तू म्हणालीस, ‘‘राहू दे. ते पण मीच धुते.’’ तुला हसू आलं, मला आलं नाही.

मग मी विचारलं, इतकं झाल्यावर चित्र लावलंस कशाला. तू म्हणालीस, ‘‘का नाही लावायचं? ती एवढीशी जागा सोडली तर बाकी सगळं गाव माझं आहे.’’

मी विचारलं, ती जागा मुद्दाम सोडली होतीस का. खरं तर ते विचारायची माझी लायकी नव्हती. तू पाठमोरीच होतीस, कप पालथे घालत होतीस आणि अगदी साध्या आवाजात सांगत होतीस. ‘‘मग काय विसरले होते? आमच्या खिडकीतून धक्का दिसतो. दुपारी कलतं ऊन पाण्यावर पडलं की धक्क्याच्या टोकाशी बघवत नाही, इतकं लखलखतं. ह्यांची पाळी सुटायची तेव्हाच. हे त्या टोकाकडून चालत यायचे. मी रोज खिडकीत उभी राहायचे आणि मला ते कधी येताना दिसलेच नाहीत. नुसता उजेड. मग एकदम जिन्यात पावलं वाजायची. खूप वेळा काढून बघितलं ग मी त्यांना. चालताना, हात हलवताना. नाही जमलं. कितीतरी कागद फाडले. मग एकदा तेवढा कागद सोडून दिला, आणि जमलं. मग तुला पाठवलं.’’

तू खोचलेला पदर सोडलास, हात पुसलेस, आणि म्हणालीस, ‘‘आता जा. गाडी चुकेल तुझी. आणि यापुढं चित्र पाठवणार नाही मी. बघायचं असलं तर इथं यायचं आणि हात मागं बांधून उभं राहायचं. कबूल?’’ मी कबूल म्हणाले. तू बाहेर गेलीस. मी मागच्या जिन्यानं उतरले, हॉलमधून जायची हिंमत झाली नाही.

आज घरी परत येऊन चार दिवस झाले. तू चित्र पाठवलंस ते मी काय वाटलं ते सांगावं म्हणून, आणि मी तुला खिडकी तिरकी आहे असं कळवलं. म्हणून आज सकाळी बसले, म्हटलं, आता तरी नीट सांगू. समोर चित्र नाही, पण मला चित्र चांगलं आठवतं, तेवढं एक माझ्याकडे आहे. डोळे मिटले की छपरं येतात, तांबडी, तपकिरी, जशीच्या तशी. क्रेन येतात. त्यातल्या उजवीकडच्या क्रेनच्या वर तू एक लहानसा ठिपका दिलायस, तो मला आज कळला. ते क्रेनवाले आहेत, कामावरचे. चढण आठवते, त्यावरून माणसं घरी जात असणार असं वाटतं, एकही माणूस काढलेला नसताना. आभाळ खाली येतं, पाणी होतं, पाण्यावरच्या रेघा धक्क्याकडे सरकतात. मग धक्क्याचं टोक येतं आणि तिथं माझी होडी येते. दर वेळी येते. मी डोळे उघडते, पुन्हा मिटते, मनातल्या मनात ती पुसते, तर खाली पांढरा पोस्टर कलर दिसतो. तो उजेड कसा होता ते मला आठवत नाही, ठके. चार दिवस मी आठवतेय. ते माझ्या जेवणाच्या टेबलावर होतं, माझ्या वाट्यांच्या मधे, आणि मी तिथं काय कमी आहे तेवढं बघत बसले.

त्या चित्राबद्दल काय वाटलं ते मी आता कधीच सांगू शकणार नाही. ते पुरं असताना बघणारी तुझ्याशिवाय जगात मी एकटीच होते, आणि मी बघितलं नाही.

ताई